गिरजाबाईच्या लुगड्याचे लंगोट

गिरजाबाईचं मोठ्या माणसांशी कधी धड जमलं नाही. बाळंतिणींशी ती तुसडेपणाने बोले, सासवांना उलट उत्तरं देई, आणि न्हाणीघराच्या दारात उभं राहून "डोळ्यांत पाणी जाईल हं" असं सांगणाऱ्या बापांना तर सरळ हाकलून लावी. पण मान न धरणारं एखादं लालबुंद गाठोडं तिच्या पसरलेल्या पायांवर आलं, की हीच बाई अशी काही मऊ होई की बघणाऱ्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसू नये.

आकुर्डी गावठाणात देवळामागे तिची एक खोली होती. नवरा धोंडीबा कारखान्यात मशीनवर होता. तो पाच वर्षांमागे काविळीने गेला. मूलबाळ नव्हतं. होऊन गेलं असंही नाही, झालंच नव्हतं. त्यावर कोणी हळहळायला लागलं की ती म्हणे, "न्हाई झालं ते न्हाई झालं. तुमी आधी पाण्यात इसण घाला, कढत हाय." आणि विषय तिथेच संपे.

न्हाऊ घालायचं काम ती सासूकडून शिकली. सासू सरूबाई गावातल्या बाळंतिणींचं करायची, पण तिची सगळी हयात गावाबाहेर न पडता गेली. गिरजाबाईच्या वेळेला गावच बदललं. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास माळावर एकेक कारखाना उभा राहू लागला आणि कराड, सोलापूर, रत्नागिरी अशी कुठकुठली शिकलेली पोरं कामाला आली. वर्ष-दोन वर्षांत ती लग्नं करून बायका घेऊन आली. त्या बायकांना बाळं होऊ लागली. आई रत्नागिरीला, सासू कराडला, आणि इथे दोन खोल्यांत ती पोर आणि तिचं पोर. अशा घरांतून गिरजाबाईला बोलावणं येई, आणि ती गेली की घरातलंच माणूस आल्यासारखं सगळ्यांना वाटे. तीन महिने वाटे.

तीन महिन्यांत बाळ मान धरतं. मान धरली की आईची भीती जाते, आणि आईची भीती गेली की न्हाऊ घालणाऱ्या बाईचं काम संपतं. मग एक साडी, एक खण, "येत जा हं अधूनमधून", आणि दार लागतं. गिरजाबाई अधूनमधून कधीच गेली नाही. एकदा मात्र आकुर्डीच्या बाजारात एक जुनी बाळंतीण तिला भेटली, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. "ह्या आजींनी तुला न्हाऊ घातलंय," आई म्हणाली. मुलगी आईच्या पदराआड गेली. तिचं काय चुकलं? पण गिरजाबाई त्या दिवशी बाजार न करताच घरी परतली, आणि शेजारच्या कस्तुराने कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "कोथमीर शिळी व्हती."

ऐंशी साल उजाडलं तेव्हा बोलावणी कमी झाली होती. कोणाकडे डॉक्टरांनी सांगितलेलं पुस्तक होतं, कोणाकडे प्लॅस्टिकचा टब होता, आणि नव्या सुना 'आम्ही आमचं बघू' म्हणायला शिकल्या होत्या. त्या हिवाळ्यात गिरजाबाईकडे एकच घर उरलं. निगडीच्या प्राधिकरणात, नव्या सेक्टरात, चार बंगल्यांपलीकडे मोकळे प्लॉट आणि हद्दीच्या खुंट्या. तिथे मृदुला आणि श्रीपाद हे जोडपं राहत होतं. श्रीपाद एका लहानशा वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होता; सकाळी साडेसहाला जो जाई तो दिवे लागल्यावर येई. मृदुला बी.ए. झालेली, बोलायला गोड आणि जरा घाबरट. तिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही माहेरी जाता आलं नव्हतं. सासू इंदुताई वाईहून आल्या, सव्वा महिना राहिल्या, आणि सासऱ्यांच्या जेवणाचे हाल होतात म्हणून परत गेल्या. मागे राहिली मृदुला, नंदकिशोर नावाचं पाच आठवड्यांचं बाळ, आणि सकाळी तासभर गिरजाबाई.

तो तास सोडला तर दोघींचाही दिवस सारखाच जात असे. मृदुला खिडकीतून मोकळे प्लॉट बघे, गिरजाबाई आपल्या उंबऱ्यात बसून देवळाची पाठ. पण ह्यावर त्या एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. मृदुला तिला अहो-जाहो करी, गिरजाबाई तिला ताई म्हणे, आणि दोघी नंदूबद्दल बोलत.

गिरजाबाई न्हाणीघरात पाटावर बसे, लुगडं गुडघ्यापर्यंत सारून पाय पसरी आणि नंदूला पालथं घेई. आधी कोमट खोबरेल, मग डाळीचं पीठ, साय आणि चिमूटभर हळद. मानेपासून टाचेपर्यंत ती अशी चोळे की पोर आधी कुरकुरे, मग गप्प होई, मग झोपेला येई. "कुणाचं ह्ये बाळ? माझ्या राज्याचं. कुणाचा ह्यो पाय? माझ्या सरदाराचा." मृदुला दारात उभी राहून ऐके. आपल्याला असं बोलता येत नाही, याचं तिला थोडं वाईट वाटे.

डिसेंबरात, इंदुताई असतानाच, लंगोटांचा प्रश्न निघाला होता. तान्ह्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. आजीचं जुनं लुगडं, आजोबांचं विरलेलं धोतर फाडून लंगोट करतात. पण ह्या घरात जुनं असं काही नव्हतंच. घर नवं, भिंती नव्या, कपाटात सगळ्या नायलॉनच्या आणि टेरिलिनच्या साड्या. "वाईला होती की धोतरं," इंदुताई म्हणाल्या, "पण दिवाळीत बोहारीण आली, तिला घातली." त्यावर आलेला स्टीलचा डबा त्यांनी सुनेसाठी आणलाच होता. डबा चांगला होता, पण डब्याचे लंगोट होत नाहीत.

आठवडाभर कसंबसं भागवलं. मग श्रीपादने कामावरून एक गठ्ठा आणला. मशीन पुसायला कारखान्यात बनियनच्या कापडाचे तुकडे येतात, त्याला सगळे वेस्ट म्हणतात. हा गठ्ठा कोरा होता, पांढरा होता, स्टोअरच्या कोपऱ्यात नुसता पडला होता. गिरजाबाईने एक तुकडा गालाला लावून पाहिला. लोण्यासारखा मऊ. "ह्येच शिवा," ती म्हणाली. "जुन्या लुगड्याला मागं सारील." इंदुताईंनी दोन दिवस बसून हाताने दीड-दोन डझन लंगोट शिवले, एकदा पाण्यातून काढले, आणि सगळे निर्धास्त झाले.

जानेवारीच्या मध्याला नंदूच्या जांघेत लाली दिसू लागली. इंदुताई तोवर वाईला पोचल्या होत्या. "शू लागली आसंल," गिरजाबाई म्हणाली, "ऱ्हाईल." तिने तेल जास्त जिरवलं, डाळीचं पीठ जरा घासून लावलं, वर शंखजिऱ्याची पूड भुरभुरली. दुसऱ्या दिवशी लाली मागे सरकली, म्हणजे पाठीकडे सरकली. चौथ्या दिवशी लंगोटाखालचा सगळा भाग भाजल्यासारखा लाल झाला, बारीक पुरळ उठलं, आणि एका जागी कातडं सुटलं. नंदू आता पायांवर घेतल्याबरोबर किंचाळू लागला. गिरजाबाईच्या पायांवर बाळ असं कधी रडत नसे. तिने गाणं म्हटलं, सरदार म्हटलं, राजा म्हटलं. तो ओरडतच राहिला. मृदुला दारात उभी राहून रडत होती, आणि गिरजाबाईला तिचा राग आला, कारण तिला स्वतःलाही रडू येत होतं.

त्या संध्याकाळी श्रीपाद आणि मृदुला नंदूला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक मलम दिलं आणि तेल, पीठ, हळद, सगळं बंद करायला आणि लंगोट उकळत्या पाण्यात भिजवायला सांगितलं.

सकाळी गिरजाबाई आली तेव्हा बंब पेटलेला नव्हता. मृदुला ओट्याला टेकून उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "गिरजाबाई, काही दिवस नका येऊ," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, मालीश बंद."

"डाक्टरला पोरं किती?"

"अहो, मी काय करू? त्याच्याकडे बघवत नाही मला."

"माझ्या हातानं झालं म्हणताय?"

मृदुलाने पदराचा बोटाभोवती आणखी एक वेढा घेतला. गिरजाबाईला जे कळायचं ते कळलं. गेल्या सोळा-सतरा वर्षांत तिला तुसडी म्हणणारे पुष्कळ भेटले होते, पण तिच्या हाताला कोणी नाव ठेवलं नव्हतं. आणि हे तिचं शेवटचं घर होतं. इथून बाहेर पडलं की उद्या सकाळी उठून कुठे जायचं, हे तिला माहीत नव्हतं. कोणाला हात लावायचा, हेही नव्हतं. मोठ्या माणसांना कोणी हात लावत नाही. धोंडीबा गेल्यापासून ह्या लेकरांखेरीज गिरजाबाईच्या अंगाला कोणाचं अंग लागलेलं नव्हतं.

चपला मागच्या दारी होत्या, म्हणून ती तिकडून निघाली. मागच्या मोरीत लंगोटांची बादली होती. मृदुलाने नुकतंच त्यात आधणाचं पाणी ओतलेलं होतं, आणि वाफ वर येत होती. गिरजाबाई चप्पल घालायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

वाफेला धोंडीबाच्या हातांचा वास येत होता.

मशीनवर लोखंड कापताना त्यावर दुधासारखं पांढरं तेलपाणी सोडतात, त्याला कामगार कूलंट म्हणत. धोंडीबाचे हात दिवसभर त्यात असत. कितीही साबण लावा, घरी येऊन गरम पाण्यात हात घातले की तो आंबूस, तेलकट वास वर येई. बोटांच्या बेचक्या लाल होत, कातडं चिरे, कधीकधी घास उचलता येत नसे. गिरजाबाई रोज संध्याकाळी त्याचे हात मांडीवर घेऊन खोबरेल चोळे. चोळ चोळ चोळे. आठ वर्षं चोळलं, हात काही बरे झाले नाहीत. मग सासू आजारी पडली म्हणून धोंडीबाने वीस दिवसांची रजा काढली. सासूच्या उशापायथ्यापासून गिरजाबाईला उठायला फुरसत नव्हती, तिथे तेल कुठलं चोळणार? आणि त्या वीस दिवसांत, काही न लावता, हात लेकराच्या हातासारखे झाले.

"माझ्या त्येलाचा गुण उशिरा आला," ती म्हणाली होती.

धोंडीबा हसला. "त्येलानं आग व्हायची गं. चोळलं की जास्ती."

"मंग बोलला का न्हाईस?"

"तू हात धरून बसायचीस," तो म्हणाला. "बोललो असतो तर बसली असतीस व्हय?"

मोरीत वाकलेल्या गिरजाबाईला ते सगळं आठवलं. तिने चटका सोसून बादलीतून एक लंगोट काढला, नाकाशी धरला, पिळला, पुन्हा धरला. शंकाच नव्हती. स्टोअरच्या कोपऱ्यात तो गठ्ठा पडला होता, तिथे शेजारी तेलाचं पिंप असणार. पांढऱ्या कापडावर पांढरं पाणी सांडलं तर दिसतं कोणाला? आणि गठ्ठ्याच्या तळाच्या तुकड्यांचे लंगोट मृदुलाने जानेवारीतच वापरायला काढले होते. वाळल्यावर वासही येत नाही. कोमट शू लागली की ते तेल बाहेर येतं, आणि तान्ह्या कातड्याला रात्रंदिवस चिकटून बसतं. धोंडीबासारख्या रांगड्या गड्याचं कातडं चिरलं, तिथे हे लोण्याचं पोर.

ती तशीच ओला लंगोट हातात घेऊन आत गेली. "ताई, ह्यो वास घ्या."

मृदुलाने घेतला. आधी तिला काही कळलं नाही, मग कळलं. श्रीपादच्या कामावरच्या शर्टाला हाच वास येत असे. तिने लंगोट उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे हे कापड? पण गिरजाबाई, कापड तर तुम्हीच पसंत केलंत."

"व्हय. मीच."

"आणि मी तुम्हाला नाही नाही ते बोलले." मृदुलाचे डोळे भरून आले, पण चेहरा मोकळा झाला होता. आपण ह्या बाईला उगाच दुखावलं, आता सगळं पूर्वीसारखं होईल, असं तिला वाटलं. "तुमच्या तेलाचं काहीच नव्हतं तर. हे लंगोट टाकूनच देते मी. तुम्ही उद्यापासून या, गिरजाबाई. डॉक्टरांना मी सांगेन."

गिरजाबाईला एवढंच हवं होतं. 'येते' म्हणायचं आणि चपला घालायच्या, बस. दोष कापडाचा ठरला होता, तिचं नाव राहिलं होतं, घर राहिलं होतं. तिने आत बघितलं. नंदू दुपट्यावर उघडा पडला होता, पाय फाकवून, आणि झोपेतही मुसमुसत होता. ज्या जागी कातडं सुटलं होतं ती बरोबर तिच्या अंगठ्याची जागा होती. तेल जिरवताना अंगठा तिथे दाबून वळवायचा, असं सासूने शिकवलं होतं.

"न्हाई ताई," ती म्हणाली. "कापडानं लागलं, पण वाढवलं मी. आधीच भाजलेलं, त्यावर मी पीठ घासलं. ह्याला आता पंधरा दिस कुणी चोळायचं न्हाई."

"मग नुसतं पाणी घाला."

"माझा हात ऱ्हायचा न्हाई. पायावर घेतला की हात चालतोच. मला ठावं हाय ना माझं." तिने न्हाणीघराकडे बोट केलं. "तुमी घाला."

"मी? माझ्या हातून निसटेल तो."

"बसा पाटावर."

मृदुलाला तिने पाटावर बसवलं, पाय पसरायला लावले, दोन पोटऱ्यांमध्ये खळगा कसा ठेवायचा ते दाखवलं, आणि नंदूला तिथे ठेवलं. ठेवताना तिचे हात जरा जास्त वेळ त्याच्याखाली राहिले. "ह्ये बोट काखेत. घट्ट न्हाई, नुसतं आसू द्या. घाबरू नका, पोराला कळतंय आई कोण ती. आता ह्ये कोमट पाणी वरनं नुसतं सोडा. हात लावायचा न्हाई. पुसायचं न्हाई, टिपायचं. मऊ कापडानं, असं, वरल्या वर." पाणी अंगावर पडताच नंदू दोनदा ओरडला आणि गप्प झाला. मृदुलाने श्वास सोडला. गिरजाबाई बोलत राहिली, नेहमीच्या तुसड्या आवाजात: वाळल्यावर डॉक्टरचं मलम पातळ लावा, थापू नका, लंगोट बांधूच नका जमेल तितका वेळ, सकाळच्या उन्हात दारात निजवा, कोण बघायला येतंय इथे, खाली ते रबरी कापड घालता ते काढा, ओलं झालं तर गादीच वाळत घाला, निजला असला तरी ओलं दिसलं की बदला, आणि धुण्याचा सोडा बंद, तीन पाण्यांतून काढायचं आणि कडक उन्हात टाकायचं.

"पण बांधायचं तेव्हा बांधू काय?" मृदुलाने विचारलं. "जुनं कापड आहे कुठे?"

"बघते," गिरजाबाई म्हणाली.

घरी येऊन तिने ट्रंक उघडली. धोंडीबाची धोतरं असती तर काम झालं असतं. पण इंदुताईंना मनात नावं ठेवणाऱ्या गिरजाबाईनेही ती कधीच बोहारणीला घातली होती, आणि त्यावर आलेलं स्टीलचं पातेलं फळीवर चकचकत होतं. राहिली तिची स्वतःची लुगडी. चार होती. त्यांतली दोन अशी विरलेली की उजेडात धरली तर पलीकडची भिंत दिसावी. एक हिरवं, एक जांभळं, आणि तीच ती रोज नेसे, कारण अंगाला तीच बरी वाटत. तिने कात्री न घेता, दातांनी काठ तोडून, दोन्ही फाडली. नऊ वारांत पुष्कळ लंगोट होतात. मोठ्या पातेल्यात, त्याच पातेल्यात, तिने ते उकळले आणि दिवसभर उन्हात टाकले.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन ती फाटकापाशी उभी राहिली. मृदुलाने आत बोलावलं. "आत न्हाई येत," गिरजाबाई म्हणाली, "हात शिवशिवत्याल. पंधरा दिसांनी येते." मृदुलाने गठ्ठा घेतला आणि छातीशी धरला. कापड कोणाचं ते तिला दिसलंच असणार, गेले दोन महिने ती तीच दोन लुगडी बघत होती. पण तिने विचारलं नाही, आणि ते बरं झालं.

पंधरा दिवस म्हणजे काही युग नव्हे. गिरजाबाईला मात्र ते जाता जाईनात. पहाटे जाग येई, अंग धुऊन होई, सात वाजत, आणि मग काही नाही. कस्तुरा म्हणाली, "मावशी, चार दिस आराम कर की." आराम कसा करतात हे गिरजाबाईला माहीत नव्हतं. ती उंबऱ्यात बसे आणि हात मांडीवर ठेवी. ते नुसते पडलेले हात बघून तिलाच कसंतरी होई. सातव्या दिवशी ती न राहवून निगडीला गेली, पण दिलेला शब्द तिने मोडला नाही. रस्त्याच्या पलीकडे, मोकळ्या प्लॉटच्या खुंटीपाशी उभी राहिली. बंगल्याच्या गच्चीवर दोरीला हिरवे आणि जांभळे तुकडे वाळत होते. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत नव्हता. ती बराच वेळ उभी होती. मग शेजारच्या फाटकातला कुत्रा भुंकायला लागला, तेव्हा तिला लाज वाटली आणि ती परत निघाली. बरं वाटतंय की वाईट, हे तिला परतीच्या वाटेवर ठरवता आलं नाही.

सोळाव्या दिवशी ती वेळेवर पोचली. बंब पेटलेला होता. न्हाणीघराचं दार उघडं होतं, आणि पाटावर, पाय पसरून, मृदुला बसली होती. तिच्या पोटऱ्यांवर नंदू पालथा होता. बोट काखेत, घट्ट नाही, नुसतं. दुसऱ्या हाताने ती तांब्याने पाणी सोडत होती आणि बोलत होती. "कुणाचं हे बाळ? माझ्या राजाचं. कुणाचा हा पाय?" शब्द सगळे गिरजाबाईचे होते, फक्त शुद्ध केलेले.

"आलात?" मृदुला हसली. पंधरा दिवसांत तिच्यातला घाबरटपणा गेला होता. "बघा, बघा तरी. जमलं की नाही?"

गिरजाबाई वाकली. कातडं धरलं होतं. लालीचा मागमूस नव्हता. जिथे अंगठ्याची जागा होती तिथे नव्या कातडीची एक फिकट रेघ, तीही शोधली तरच दिसणारी. इतकं स्वच्छ, इतकं गुळगुळीत अंग तिच्या तेलाने कधी झालं नव्हतं, हे तिच्यातल्या जाणत्या बाईने तिथल्या तिथे मान्य केलं.

"जमलं," ती म्हणाली.

"सगळं तुमच्यामुळे. तुम्ही त्या दिवशी बसवलं नसतं ना पाटावर, तर मी कधी हातच घातला नसता. हे तर म्हणतात, आता बाई कशाला हवी." मृदुला बोलून गेली, आणि बोलल्यावर थांबली. मग पाणी पुरं करत हळूच म्हणाली, "म्हणजे, मान धरायला लागलाच आहे तो आता."

"व्हय की. धरली त्यानं मान."

नंदूला दुपट्यात गुंडाळून मृदुला बाहेर आली. खोलीत टेबलावर एक साडी आणि एक खण काढून ठेवलेला होता. साडी सुती होती, नऊवारी, दोन रंगांची, हिरवी आणि जांभळी. मृदुलाने ती पुण्याहून मुद्दाम मागवली होती. कापड कोणाचं होतं ते तिला दिसलं होतं तर. गिरजाबाईने साडी घेतली, काखेत धरली, आणि तशीच उभी राहिली.

"घ्या ना थोडा वेळ," मृदुला म्हणाली आणि नंदूला तिच्या हातात दिलं.

गिरजाबाई भिंतीला टेकून खाली बसली, पाय पसरले, आणि त्याला पोटऱ्यांवर उताणं ठेवलं. हात आपोआप चालू लागले, तसे तिने ते आवरून धरले. एक तळवा तिने त्याच्या पोटावर ठेवला आणि तो हलवला नाही. नुसता ठेवला. पोट वरखाली होत होतं, कोमट होतं. "कुणाचा ह्यो सरदार?" ती म्हणाली.

नंदू तिच्याकडे बघत राहिला. पंधरा दिवस बाळाच्या आयुष्यात फार असतात, हे गिरजाबाईहून जास्त कोणाला ठाऊक असणार? त्याने तिचा चेहरा न्याहाळला, भुवया आक्रसल्या, मान, ती नवीन धरलेली मान, वळवली आणि मृदुला दिसल्याबरोबर ओठ काढून रडायला लागला. मृदुलाने हात पुढे केले नव्हते. तो तिच्याकडेच बघत रडत होता.

"घ्या ताई, घ्या," गिरजाबाई म्हणाली. "भूक लागली त्याला."

त्याला आंघोळीआधीच पाजलं होतं. मृदुला तसं म्हणणार होती, पण तिने गिरजाबाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न बोलता बाळ घेतलं. आईच्या खांद्यावर जाताच तो गप्प झाला.

फाटकापर्यंत मृदुला पोचवायला आली. येत जा अधूनमधून, असं तीही म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. गिरजाबाई मान हलवून निघाली. आकुर्डीपर्यंत ती सावकाश चालत गेली, कारण लवकर पोचून करायचं काही नव्हतं. खोलीचं कुलूप काढून ती आत आली, साडी ट्रंकेत ठेवली, आणि पोराचं अंग पार बरं झालं, डागसुद्धा राहिला नाही, हे सांगायला तिने तोंड वळवलं. खोलीत कोणी नव्हतं.